रेशनच्या पोत्यापासून ताटापर्यंत: अन्नाच्या हक्काबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या पुरवठा शाखेबाहेर, अंगणवाडीच्या ओट्यावर आणि ग्रामसभा उठल्यावर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहेत. दर आणि नियम बदलत राहतात, म्हणून कार्यालयात भांडायला जाण्याआधी ताजा शासन निर्णय बघून घ्या. काही उत्तरांत आमचं मत आहे; ते मत म्हणूनच वाचावं.

रेशन ही सरकारची मदत आहे की आपला हक्क?

हक्क. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्याआधी रेशन ही योजना होती. योजना चालू ठेवणं न ठेवणं सरकारच्या मर्जीवर असतं, कायद्याचं तसं नसतं.

हा कायदा आपसूक आला नाही. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता, लोक उपाशी होते आणि अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्य ठेवायला जागा उरली नव्हती. त्यावर पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने रेशन, अंगणवाडी, शाळेतलं जेवण या योजनांना हक्काचं रूप देणारा आदेश दिला. पुढे बारा वर्षांनी कायदा झाला. ‘फुकट वाटतात’ असं कुणी म्हणालं की हा इतिहास सांगावा.

कायद्यात रेशन आहेच, शिवाय अंगणवाडीचा आहार, शाळेतलं जेवण आणि गरोदर बाईला किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ हेही त्याच कायद्यात आहे. पुष्कळांना एवढंच माहीत असतं की पाच किलो मिळतात.

नेमकं किती मिळायला हवं?

अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांच्या) कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, माणसं कितीही असोत. कायद्यात बसणाऱ्या बाकीच्या घरांना, म्हणजे प्राधान्य कुटुंबांना, माणशी ५ किलो. कायद्यातले दर तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया असे होते; १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. गहू किती आणि तांदूळ किती, हे नियतनाप्रमाणे, म्हणजे वरून मंजूर होऊन आलेल्या वाटपाप्रमाणे, बदलतं. एकूण वजन मात्र बदलता येत नाही.

माझं केशरी कार्ड आहे. शेजाऱ्याचंही केशरीच. त्याला धान्य मिळतं, मला का नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त टोलवला जाणाराही हाच.

पिवळं, केशरी, शुभ्र ही रंगांची पद्धत १९९९ ची. अन्न सुरक्षा कायदा आला २०१३ साली, आणि त्याने रंग बघितलेच नाहीत. त्याने दोनच गट केले: अंत्योदय आणि प्राधान्य. अंत्योदय आणि पिवळी कार्डं तर आत गेलीच. केशरीपैकी ज्यांचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४ हजारांपर्यंत आणि शहरात ५९ हजारांपर्यंत होतं, तेही प्राधान्य गटात गेले. बाकीचे केशरी बाहेर राहिले. म्हणून एकाच रंगाच्या दोन कार्डांपैकी एकावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असतो आणि दुसरं नुसतं पुरावा म्हणून कपाटात पडून राहतं.

आता ही मर्यादा किती खरी आहे ते बघा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एका माणसाने १४१ दिवस काम केलं की ४३,९९२ रुपये होतात. म्हणजे घरात एकच कमावता, तोही वर्षातले पाच महिनेच कामावर, तरी ते घर मर्यादेला टेकतं. नवरा-बायको दोघं कामाला गेली तर कागदावर ती ‘सुस्थितीत’. तलाठ्याकडून ४४ हजारांच्या आतला दाखला आणावा लागतो तो याच कारणाने, आणि तो खोटा असतो हे देणाऱ्यालाही माहीत असतं, घेणाऱ्यालाही. गरिबाला खोटं बोलायला लावणारा नियम सरकारने दहा वर्षं तसाच ठेवला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, कागद पूर्ण आहेत, तरी ‘इष्टांक शिल्लक नाही’ म्हणतात. हे काय असतं?

इष्टांक म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या. केंद्राने कायद्याखाली महाराष्ट्राला साधारण ७ कोटी माणसांचा कोटा दिला: ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के, शहरी ४५.३४ टक्के. तो जिल्ह्यांत, मग तालुक्यांत वाटला गेला. तालुक्याचा आकडा भरला की नवीन नाव बसत नाही, अर्जदार कितीही गरीब असो.

मेख अशी की हे टक्के २०११ च्या जनगणनेवर काढलेले आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेली पोरं, वेगळ्या झालेल्या चुली, शहराच्या कडेला वाढलेल्या वस्त्या या आकड्यात धरलेल्याच नाहीत. नवीन जनगणनेचे आकडे येऊन कोटा वाढेपर्यंत एकच वाट उरते: मयतांची, लग्न होऊन गेलेल्यांची आणि खरोखर सधन झालेल्यांची नावं कमी झाली की जागा रिकामी होते. म्हणून अर्ज नाकारला तर ‘इष्टांक नाही’ हे लेखी घ्या, आणि तालुक्याचा इष्टांक किती, भरला किती, हे माहिती अधिकारात मागा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे रेशनचे अभिलेख सार्वजनिक असायला हवेत. मागितल्यावर जागा निघते, असा अनुभव कमी नाही.

छत्रपती संभाजीनगर, अमरावतीकडे केशरीवाल्या शेतकऱ्यांना पैसे मिळतात म्हणे?

हो. संभाजीनगर आणि अमरावती विभागांतले तेरा जिल्हे आणि वर्धा, असे १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्हे. तिथल्या केशरी शेतकरी कुटुंबांना ऑगस्ट २०१५ पासून २ रुपयांनी गहू आणि ३ रुपयांनी तांदूळ मिळायचा. जानेवारी २०२३ पासून धान्य बंद होऊन माणशी महिना १५० रुपये खात्यात सुरू झाले. २०२४ मध्ये ते १७० झाले.

मग सगळ्यांनाच धान्याऐवजी पैसे का देत नाहीत? ज्याला जे हवं ते तो घेईल.

ऐकायला पटतं. चंडीगड आणि पुदुच्चेरी इथे २०१५ पासून हा प्रयोग झाला. अडचण वरच्या उत्तरातच आहे. गहू किलोला तीस रुपयांच्या वर गेला की १५० रुपयांत पाच किलो येत नाहीत. पोत्याचं वजन महागाईने कमी होत नाही, नोटांचं होतं. रक्कम वाढवायला शासन निर्णय लागतो आणि तो निघेपर्यंत फरक घरच्या बाईने भरायचा असतो.

दुसरं, खातं कुणाचं? कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या ज्येष्ठ बाईचं नाव असतं. पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं ते तुम्हीच सांगा. तांदूळ घरात आला की तो शिजतो. शहरात, जिथे दुकानं जवळ आणि बँका हाकेच्या अंतरावर, तिथे पैशाचा पर्याय ठेवायला आमची हरकत नाही. धडगाव किंवा भामरागडसारख्या दुर्गम तालुक्यांत तो लादू नये.

आजीचा अंगठा लागत नाही. दुकानदार परत पाठवतो.

परत पाठवता येत नाही. शेतात आणि भांड्यांत हात झिजलेल्यांचे ठसे दुकानातल्या ई-पॉस (अंगठा घेणाऱ्या) मशीनला उमटत नाहीत, हे केंद्रालाही माहीत आहे. झारखंडात सप्टेंबर २०१७ मध्ये आधार जोडणीअभावी कार्ड रद्द झालेल्या घरातली एक मुलगी दगावली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्राने राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा जुळत नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही.

व्यवहारात काय करायचं: घरातल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो, कार्डावर नाव असलं की झालं. एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी ‘नॉमिनी’ नेमता येतो. मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपी, आणि जिथे यंत्र आहे तिथे डोळ्यांची पडताळणी. यातलं काहीच जमलं नाही तर नोंदवहीत नोंद करून द्यायचं असतं. ‘रेंज नाही, उद्या या’ हे उत्तर दोनदा मिळालं की तिसऱ्या दिवशी तहसीलला फोन करा. पाच किलोसाठी तीन दिवस रोज बुडवणं परवडत नाही.

पाच किलोऐवजी साडेचारच मिळतात. दुकानदाराला विचारलं तर ‘वरूनच घट येते’ म्हणतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

आधी तुमची बाजू. मशीनमधून पावती निघते, ती मागा. पावतीवरचं वजन आणि पिशवीतलं वजन वेगळं असेल तर तो गुन्हा आहे, घट असो वा नसो. पावती मिळत नसेल तर कार्ड क्रमांक टाकून महिन्याचे व्यवहार ऑनलाइन दिसतात. कित्येकांना तिथे पहिल्यांदा कळतं की ज्या महिन्यात आपण दुकानाकडे फिरकलोच नाही, त्या महिन्यातही आपलं धान्य ‘उचललं’ गेलंय.

आता दुकानदाराची बाजू, कारण ती कुणी लिहीत नाही. महाराष्ट्रात रास्तभाव दुकानदाराला क्विंटलमागे १५० रुपये मार्जिन होतं, २०२५ मध्ये ते १७० करायचं ठरलं. एका दुकानाला हजार माणसं जोडलेली धरा. महिन्याला ५० क्विंटल, म्हणजे १५० च्या दराने साडेसात हजार रुपये. त्यात गाळ्याचं भाडं, वीज, माप करणारा पोऱ्या. द्वारपोच योजनेत धान्य दुकानापर्यंत सरकारी खर्चाने यायला हवं, पण गोणी उतरवताना हमाली कुणी द्यायची यावरून दर महिन्याला वाद. गोणी पन्नास किलोची म्हणून येते आणि काट्यावर एखाद-दीड किलो कमी भरते, तेव्हा तो खड्डा गिऱ्हाइकाच्या पिशवीतूनच भरला जातो.

प्रामाणिक दुकान चालेल इतकं मार्जिन द्यायचं नाही आणि मग चोरी पकडायला पथकं नेमायची, या धोरणात पथकांचाही फायदा होतो, एवढंच म्हणू. ज्या गावात दुकान महिला बचत गटाकडे आहे आणि गट जागा आहे, तिथे माप बरं असतं. पण गट नावापुरता आणि चालवणारा जुनाच, असंही आहे.

तक्रार कुठे करायची?

पहिला फोन १९६७ ला. हा बिनपैशाचा क्रमांक आहे. तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग तालुक्याचे पुरवठा निरीक्षक किंवा मुंबईत शिधावाटप अधिकारी. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही: कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, तो कोण हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा आणि अर्ज त्याच्या नावाने द्या. त्याच्यावर राज्य अन्न आयोग. त्या अधिकाऱ्याने सांगूनही एखाद्या कर्मचाऱ्याने धान्य दिलं नाही, तर आयोग त्याला पाच हजारांपर्यंत दंड करू शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण सेवापुस्तकाची भीती मोठी असते.

आणि हे कुणी मागतच नाही: कलम ८. धान्य मिळालंच नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. हिशेब नियमांतच आहे: हमीभावाच्या सव्वापट, वजा रेशनचा दर, गुणिले न मिळालेले किलो. गव्हाचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये धरला तर किलोला २४ रुपये २५ पैसे, सव्वापट केली की ३० रुपये ३१ पैसे. रेशनचा दर शून्य. दहा किलो गहू बुडाला तर ३०३ रुपये. अर्जात हा आकडा घालून भत्ता मागा. ‘धान्य मिळाले नाही, चौकशी व्हावी’ असा अर्ज फायलीत जातो. रकमेचा अर्ज आला की कुणाला तरी उत्तर लिहावं लागतं.

रेशन दुकानावर लक्ष ठेवणारी दक्षता समिती कागदावरच असते ना?

बहुतेक गावांत हो. सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही माहीत नसतं. ग्रामपंचायतीत जाऊन यादी मागा आणि ग्रामसभेत ती नावं मोठ्याने वाचायला लावा. लाभार्थी यादीचं चावडी वाचनही त्याच वेळी मागावं. कलम २८ प्रमाणे सामाजिक अंकेक्षण (लोकांसमोर होणारी कारभाराची तपासणी) आहे, तेही ग्रामसभेला मागता येतं.

ऊसतोडीला गेल्यावर रेशनचं काय?

‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे कुठल्याही दुकानात अंगठा देऊन धान्य घेता येतं. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात हे ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झालं होतं. सगळं कार्ड न्यायची गरज नाही: म्हातारी गावी राहिली असेल तर तिचा वाटा तिने गावात घ्यावा, तुमचा तुम्ही फडाजवळच्या दुकानात.

कागदावर छान. प्रत्यक्षात कोपी (राहायची झोपडी) असते रानात, दुकान असतं चार-पाच कोसांवर, आणि तोड संपते अंधार पडल्यावर. त्या दुकानदाराला तुमचं नियतन आलेलं नसतं, त्यामुळे महिनाअखेर तो हात वर करतो. आणि धान्य मिळालं तरी अंगणवाडीचा आहार आणि शाळेतलं जेवण तुमच्याबरोबर येत नाही. बीडहून सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या घरातलं तीन वर्षांचं मूल त्या सहा महिन्यांत कुठल्याच अंगणवाडीच्या हजेरीवर नसतं. जिथे मुक्काम तिथल्या अंगणवाडीत नाव घालून घ्या. सेविका ‘आमच्या सर्व्हेतलं नाही’ म्हणाली तर तिला सांगा, आहार हा मुलाचा हक्क आहे, गावाचा नाही.

रेशनवर ज्वारी-बाजरी का मिळत नाही? आम्ही तर भाकरीच खातो.

याचं उत्तर लांब आहे, कारण रेशन आणि शेती यांचा सांधा इथेच आहे.

कायद्याने भरड धान्याला मनाई केलेली नाही. उलट १ रुपया हा सगळ्यात कमी दर त्याचाच होता. अधूनमधून काही जिल्ह्यांत गव्हाच्या बदल्यात ज्वारी आलीही. नियमित येत नाही, कारण रेशनवर तेच येतं जे सरकार मोठ्या प्रमाणात विकत घेतं. गहू पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशातून येतो. तांदूळ आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाची भरडाई करून आणि बाहेरून येतो. या दोन पिकांसाठी बाजार समित्या, गोदामं, रेल्वे वॅगन, सगळी यंत्रणा साठ वर्षांपासून उभी आहे. १९६५ साली अन्न महामंडळ झालं ते यासाठीच.

ज्वारीला असलं काही नाही. हमीभाव आहे: २०२५-२६ साठी क्विंटलला संकरित ज्वारी ३६९९ रुपये, मालदांडी ३७४९, बाजरी २७७५, नाचणी ४८८६. खरेदी पणन महासंघ आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ करतं. पण केंद्र उघडेपर्यंत गरजू शेतकऱ्याने माल व्यापाऱ्याला घातलेला असतो. खरिपाची संकरित ज्वारी काढणीच्या वेळी पाऊस आला की काळी पडते आणि केंद्रावर नाकारली जाते. उलट मंगळवेढ्याकडची चांगली शुभ्र मालदांडी बाजारात अनेकदा हमीभावापेक्षा वरच जाते, मग ती कुणी सरकारला का घालेल? शिवाय ज्वारी गव्हासारखी वर्षानुवर्षं गोदामात टिकत नाही, खरेदी केली की काही महिन्यांत वाटून संपवावी लागते.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बघा. खरिपात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. रब्बीची ज्वारी उपटायला-कापायला मजूर लागतात आणि ते मिळत नाहीत. आज बरेच जण ती धान्यापेक्षा कडब्यासाठी पेरतात. याच्या शेजारी ऊस ठेवा. उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) कायद्याने बांधलेली, तोड कारखान्याची, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर व्याजासह. कारखाने थकवतात, आंदोलनं होतात, तरी भांडायला एक कायदा हातात असतो. ज्वारीवाल्याच्या हातात काय आहे? मग अवर्षणप्रवण सोलापुरात ऊस का वाढला, असं विचारून शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या पिकाला सरकारने हमी दिली ते त्याने लावलं.

ओडिशाने २०१७ पासून वेगळी वाट धरली. आदिवासी भागात नाचणीचं, त्यांच्या मंडियाचं, बियाणं, लागवड, हमीभावाने खरेदी आणि रेशनवर वाटप ही साखळी एकत्र बांधली; काही जिल्ह्यांत अंगणवाडीत नाचणीचे लाडू सुरू केले. नंदुरबार, पालघर, नाशिकचा पश्चिम पट्टा, रायगड इथे नाचणी आणि वरई पिकते. तिथली खरेदी तिथल्याच अंगणवाड्या आणि आश्रमशाळांना जोडली तर वॅगनही लागत नाही. २०२३ हे भरड धान्य वर्ष म्हणून साजरं झालं. पाककृती स्पर्धा खूप झाल्या. खरेदी केंद्रं त्या मानाने वाढली नाहीत.

म्हाताऱ्या माणसांना मात्र रेशनवरच्या ज्वारीचं नाव काढलं की ७२ चा दुष्काळ आठवतो. तेव्हाचा तांबडा मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन त्यांनी दिवस काढले. ‘रेशनची ज्वारी’ म्हणजे हलकं धान्य हा शिक्का तिथून आहे. आता वाटायचीच असेल तर निवडलेली, स्वच्छ वाटावी. काळी, किडकी वाटून लोकांनी नाकारली की ‘मागणीच नाही’ असा शेरा मारायला सोपं जातं.

डाळ, तेल का नाही?

कायद्यात फक्त धान्य आहे म्हणून. तमिळनाडू २००७ पासून स्वतःच्या खर्चाने स्वस्त तूरडाळ आणि पामतेल देतं. आपल्याकडे २०२२ च्या दिवाळीपासून ‘आनंदाचा शिधा’ आला: शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, तेल. सणाला आणि निवडणुकीच्या हंगामात. तुरीचं एवढं पीक घेणाऱ्या राज्यात बारमाही डाळ देणं अशक्य नाही, खर्चाचं आहे.

तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात. पाण्यावर तरंगतात.

ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून यंत्राने पाडलेले दाणे आहेत, शंभर किलोत एक किलो मिसळलेले. १५ ऑगस्ट २०२१ ला याची घोषणा झाली आणि मग टप्प्याटप्प्याने ते सगळीकडे आले. निवडून टाकू नका; टाकले तर तांदूळ साधाच राहतो. पेज ओतून देऊ नका, हेही खरं.

पण लोकांना न सांगता ताटात बदल केला की अफवा उठणारच. आणि विदर्भात, नंदुरबारात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. २०१८ च्या नियमांत अशा रुग्णांसाठी पिशवीवर इशारा छापायची अट होती; तज्ज्ञ समितीने धोका नसल्याचं सांगितल्यावर २०२४ मध्ये ती काढली. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारून घ्या. आमचं मत: लोह भाजीतून, अंड्यातून, नाचणीतून यावं. दाण्यात घातलेलं लोह ही तात्पुरती सोय आहे.

शाळेत अंडं सुरू झालं होतं, ते बंद का केलं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्यायचं तर द्या, असं शाळांना कळवलं. ज्या वाडीत लोकवर्गणीतून अंडी देण्याची ऐपत आहे, तिथल्या मुलांना शाळेतल्या अंड्याची तेवढी गरज नसते. एवढं साधं आहे हे.

पैशाचं गणित बघा. मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. तांदूळ वेगळा येतो, तो फुकट असतो. या पावणेसात रुपयांत डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला, सरपण किंवा गॅस. बाजारात एका अंड्याची किंमत जवळपास तेवढीच. त्या बदल्यात पानात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं नियम सांगतो. तमिळनाडूत आठवड्याला पाच अंडी दिली जातात, कारण राज्य पदरचे पैसे घालतं.

स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन महाराष्ट्रात महिना अडीच हजार. केंद्राच्या निकषातली रक्कम २००९ पासून हजार रुपयांवरच आहे, आणि तीही केंद्र पूर्ण देत नाही, राज्याबरोबर वाटून देतं. सकाळी तांदूळ निवडण्यापासून दुपारी भांडी घासण्यापर्यंतचं हे काम आहे. २०२४ मध्ये मेनू कार्यालयात बसून तीन पदार्थांचा ठरवला गेला, आणि चूल एकच होती.

अंगणवाडीतलं पाकीट पोरं खात नाहीत. घरी म्हशीला घालतो. दुसरं काही मिळेल का?

कच्च्या शिध्याऐवजी तयार पाकिटं, पाकिटांऐवजी परत शिधा, हे चक्र महाराष्ट्रात बरीच वर्षं फिरतंय. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच सांगितलं होतं. मग ठेके महिला मंडळांच्या नावाने निघू लागले. २०१६ च्या निविदांतल्या अटी साध्या बचत गटांना झेपण्यासारख्या नव्हत्या. न्यायालयाने त्या निविदा फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केल्या. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला ८ रुपये, हा दर २०१७ सालचा. आठ रुपयांत जो नफा काढायचा तो माल स्वस्त करूनच काढता येतो.

चांगलं उदाहरणही राज्यातच आहे. डिसेंबर २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे: गरोदर आणि स्तनदा बायांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण, भाकरी-चपाती, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा लाडू. नंतर मुलांना अंडी-केळी. स्थानिक समिती बाजार करते, सेविका-मदतनीस शिजवतात. पैसे वेळेवर आले तर उत्तम चालते. दोन-तीन महिने थकले की सेविका किराणा दुकानदाराच्या उधारीवर चालवते, आणि उधारी बंद झाली की जेवण बंद. पाकीट नको असेल तर पालकांनी तसं ग्रामसभेत लेखी मांडावं, ‘आवडत नाही’ असं नाही तर ‘किती पाकिटं आली, किती खाल्ली गेली’ या भाषेत.

शाळेच्या दारातच चिप्स आणि रंगीत पाणी विकतात. काही नियम आहे का?

आहे. २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ विकायला मनाई आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शाळेच्या कँटीनमधूनही ते काढायला सांगितलं होतं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. गोळ्या-बिस्किटांच्या बरणीमागे बसलेल्या आजीवर मात्र कारवाई नको. तिला शेंगदाण्याची चिक्की आणि बोरं ठेवायला सांगा.

एवढ्या योजना असून कुपोषण का हटत नाही?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. रोडावलेल्या मुलांचं प्रमाण दोन्ही वेळा २५.६. बायकांत रक्तक्षय ५४.२ टक्के.

कारणं एक नाहीत: लहान वयात लग्न, पिण्याचं पाणी, आईला न मिळालेली विश्रांती. पण कारभाराचं कारण आमच्या रोजच्या कामात दिसतं. धान्य अन्न व नागरी पुरवठ्याकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, खिचडी शालेय शिक्षणाकडे, आश्रमशाळेचं जेवण आदिवासी विकासकडे, पीक कृषीकडे, खरेदी पणनकडे, भेसळ अन्न व औषध प्रशासनाकडे. प्रत्येक खात्याचा अहवाल शंभर टक्के. एका मुलाच्या ताटात सकाळपासून रात्रीपर्यंत काय पडलं, हे बघणारी खुर्ची नाही. जिल्हा पातळीवर समन्वय समितीच्या बैठका होतात. तिथे खर्चाची टक्केवारी वाचली जाते, वजनाचा तक्ता शेवटी.

फुकट धान्याने लोक आळशी झाले, मजूर मिळत नाहीत, हे खरं ना?

महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. चार-पाच चपात्यांचं पीठ. तेवढ्यावर आळशी होऊन दाखवा.

सुनेचं नाव चढत नाही. आणि नातवाचं कधी चढवायचं?

सुनेचं नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करून तो दाखला आणावा लागतो. माहेर परराज्यात असेल तर त्याला वेळ लागतो, म्हणून लग्नानंतर लगेच अर्ज द्या. नातवासाठी वयाची अट नाही. कायदा माणशी पाच किलो म्हणतो, तान्हं मूलही माणसातच धरलं जातं. जन्मदाखला, आधार काढलं की तेही, आणि मूळ कार्ड घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या किंवा ऑनलाइन भरा. पोच घ्या, तिच्यावर तारखेचा शिक्का आहे का ते तिथेच बघा.